गोंदिया जिल्ह्यातील परसबागेत हायड्रेंजियाची लागवड : काटकपणाची संकल्पना, हवामान आणि व्यवहार

सारांश

मोठ्या, गोलाकार फुलोऱ्यांमुळे हायड्रेंजिया हे झुडूप शहरी व निमशहरी परसबागांत आकर्षणाचा विषय झाले आहे. मात्र गोंदिया जिल्ह्यासारख्या उष्ण प्रदेशात हौसेने आणलेली ही झाडे बहुधा पहिल्याच उन्हाळ्यात मरतात, अथवा जगली तरी पुन्हा फुलत नाहीत. या अपयशाचे मूळ निगा राखणाऱ्याच्या हयगयीत नसून 'काटक' या शब्दाच्या चुकीच्या अर्थात आहे, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट केले आहे. त्यानंतर जिल्ह्याचे हवामान, माती व पाणी यांच्या संदर्भात लागवडीची व्यवहार्य पद्धती मांडली असून, शेवटी उष्ण प्रदेशास अनुरूप अशा पर्यायी झुडुपांचा विचार केला आहे.

बीजशब्द : हायड्रेंजिया, काटकपणा, सामू, ॲल्युमिनियम, परसबाग, गोंदिया जिल्हा.

१. प्रस्तावना

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. धानाची शेती, भातगिरण्या, मालगुजारी तलाव आणि विस्तीर्ण वनक्षेत्र ही या जिल्ह्याची ओळख आहे. घराच्या मागील सांदवाडीत वांगी, वाल, दोडका यांच्या जोडीला जास्वंद, मोगरा, शेवंती, कर्दळ अशी फुलझाडे लावण्याची येथील परंपरा जुनी आहे. अलीकडच्या काळात या यादीत परप्रांतीय शोभिवंत झाडांची भर पडली. थंड हवेच्या ठिकाणी सहलीला गेलेल्यांनी महाबळेश्वर, उटी किंवा दार्जिलिंग येथील बंगल्यांच्या आवारात निळ्या-गुलाबी फुलोऱ्यांनी लदलेली हायड्रेंजियाची झुडपे पाहिलेली असतात. पुढे तेच झाड रोपवाटिकेत फुललेल्या अवस्थेत दिसले, की ते विकत घेण्याचा मोह आवरत नाही.

यानंतरचा क्रम बहुतेक घरांत सारखाच असतो. फेब्रुवारीत आणलेले झाड मार्चअखेरपर्यंत शोभा देते. एप्रिलमध्ये पानांच्या कडा करपतात आणि मे महिन्यातील नवतपा संपण्यापूर्वी झाड वाळून जाते. क्वचित एखादे झाड सावलीत तग धरते, पावसाळ्यात भरघोस पानांनी बहरते. परंतु पुढील वर्षी त्यास एकही फूल येत नाही. घरातील ज्या व्यक्तीने झाडाची निगा राखली, तिच्या हाताला गुण नाही असा निष्कर्ष सहजपणे काढला जातो. प्रत्यक्षात या दोन्ही घटनांची कारणे वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि हवामानशास्त्र यांच्या साध्या तत्त्वांत सापडतात. ती समजून घेतल्यास अपयश टाळता येते. निदान कोणते अपयश टाळता येण्याजोगे नाही, हे तरी आधीच कळते.

२. हायड्रेंजिया : वनस्पतिशास्त्रीय परिचय

हायड्रेंजिया या नावाची व्युत्पत्ती ग्रीक भाषेतील 'पाणी' व 'पात्र' या अर्थांच्या दोन शब्दांपासून झाली आहे. या वनस्पतीचे फळ लहानशा जलपात्रासारखे दिसते, म्हणून हे नाव पडले. पाण्याची तिला असलेली मोठी गरज हा या नावाशी जुळून आलेला केवळ योगायोग आहे. लिनियसने १७५३ साली आपल्या ग्रंथात या प्रजातीची नोंद केली, ती अमेरिकेतील हायड्रेंजिया आर्बोरेसेन्स या जातीवरून. आज बागांत सर्वाधिक आढळणारी मोठ्या पानांची जात म्हणजे हायड्रेंजिया मॅक्रोफिला होय. ती मूळची जपानची असून, थुनबर्ग या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १७८४ साली तिचे वर्णन वेगळ्याच प्रजातीच्या नावाखाली केले होते.

ही प्रजाती भारताला सर्वस्वी परकी नाही. हिमालयाच्या उतारांवर हायड्रेंजिया हेटेरोमाला, हायड्रेंजिया रोबस्टा आणि वेलवर्गीय हायड्रेंजिया ॲनोमाला या जाती नैसर्गिकरीत्या वाढतात. निळ्या फळांची आणि पूर्वी डायक्रोआ या प्रजातीत गणली जाणारी पूर्व हिमालयातील वनस्पतीही आता हायड्रेंजियातच समाविष्ट केली जाते. चिनी वैद्यकात हिवतापावर तिचा वापर होत आला आहे. मात्र या सर्व जातींचे अधिवास डोंगराळ, दमट व शीतल आहेत. मध्य भारताच्या मैदानी प्रदेशात ही प्रजाती निसर्गतः आढळत नाही, ही बाब लक्षात ठेवण्याजोगी आहे.

ज्यास सामान्यतः फूल म्हटले जाते, तो वस्तुतः शेकडो लहान फुलांचा फुलोरा असतो. त्यातील रंगीत, पाकळीसारखा भाग हा पाकळ्यांचा नसून निदलांचा, म्हणजे फुलाच्या बाहेरील आवरणाच्या दलांचा बनलेला असतो. चेंडूसारख्या फुलोऱ्यात अशी मोठ्या निदलांची वंध्य फुले बहुसंख्य असतात; चपट्या फुलोऱ्यात ती केवळ कडेला असून मध्यभागी लहान जननक्षम फुले असतात. निदले पाकळ्यांपेक्षा टिकाऊ असल्यामुळे हायड्रेंजियाचा फुलोरा कित्येक आठवडे टिकतो आणि झाडावरच सुकल्यानंतरही त्याचा आकार कायम राहतो.

३. 'काटक' म्हणजे काय?

बागकामाच्या परदेशी पुस्तकांत आणि रोपांच्या वेष्टनांवर 'काटक, मोठ्या फुलांची हायड्रेंजिया' असा उल्लेख वारंवार येतो. येथील वाचक त्याचा अर्थ 'कोठेही जगणारी' असा करतो. मूळ अर्थ तसा नाही. युरोप व अमेरिकेत काटकपणा हा हिवाळ्यातील नीचतम तापमानावरून ठरविला जातो. अमेरिकेच्या कृषिखात्याने त्यासाठी देशाचे विभाग पाडले आहेत. तिसऱ्या विभागात हिवाळ्यातील सरासरी नीचतम तापमान उणे ४० ते उणे ३४ अंश सेल्सिअस असते. हायड्रेंजिया पॅनिक्युलाटा ही शंक्वाकृती फुलोऱ्याची जात, तसेच आर्बोरेसेन्स जातीतील 'ॲनाबेल' हा पांढऱ्या चेंडूसारख्या फुलोऱ्याचा वाण या तीव्र थंडीत टिकतो. म्हणून त्यांना सर्वाधिक काटक मानले जाते. 'ॲनाबेल' हे नाव अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या ॲना या गावावरून आले असून हा वाण विसाव्या शतकाच्या सातव्या दशकात प्रसारात आला.

उणे ३५ अंशांत जगण्याची क्षमता ही अधिक ४५ अंशांत जगण्याची हमी होऊ शकत नाही. थंडीत टिकणारी झाडे पाने गाळून, पेशीरसाची घनता वाढवून सुप्तावस्थेत जातात. उन्हाळ्यातील संकट याच्या उलट असते. तेव्हा झाड पूर्ण पानांत असते व त्याच्याकडून सतत पाण्याची मागणी होत असते. या दोन क्षमतांचा परस्परांशी थेट संबंध नाही. किंबहुना पॅनिक्युलाटा व आर्बोरेसेन्स या जातींना सुप्तावस्था पूर्ण करण्यासाठी दीर्घ थंडीची गरज असते, जी गोंदियात मिळत नाही. याउलट थंडीच्या कसोटीवर दुबळी ठरणारी मॅक्रोफिला जात जपानच्या सौम्य सागरी हवामानातील असल्यामुळे, या प्रजातीत तुलनेने आपल्याकडे जमण्याची शक्यता तिचीच अधिक आहे. परदेशी यादीतील क्रम येथे असा उलटा होतो.

उष्णतेच्या बाजूने विचार करण्याचा प्रयत्नही झाला आहे. अमेरिकेतील उद्यानविद्या संस्थेने १९९७ साली उष्णता-विभागांचा नकाशा प्रसिद्ध केला. त्यात वर्षातील किती दिवस तापमान ३० अंशांच्या वर जाते, यावरून बारा विभाग कल्पिले आहेत. गोंदियात फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून कमाल तापमान तीस अंश ओलांडू लागते आणि वर्षाचा अर्ध्याहून अधिक काळ ते त्या रेषेच्या आसपास किंवा वर असते. म्हणून या जिल्ह्यासाठी काटकपणाची व्याख्या 'मे महिना पार करण्याची क्षमता' अशीच करावी लागते.

४. गोंदियाचे हवामान आणि झाडाची गरज

गोंदिया शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंचीवर आहे. जिल्ह्यात वार्षिक पर्जन्यमान साधारणतः १२०० ते १३०० मिलिमीटर असून त्याचा बहुतांश भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. मे महिन्यात कमाल तापमान ४४-४५ अंशांपर्यंत जाणारे दिवस येतात. महाबळेश्वर सुमारे १३५० मीटर उंचीवर असून तेथे पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, जांभ्या दगडापासून बनलेली माती आम्लधर्मी आहे आणि भर उन्हाळ्यातही कमाल तापमान सहसा तिशीच्या आसपास राहते. एकाच राज्यातील या दोन स्थळांतील अंतर वनस्पतीच्या दृष्टीने दोन देशांइतके आहे.

हायड्रेंजियाची पाने रुंद व पातळ असतात. उष्ण, कोरड्या वाऱ्यात पर्णरंध्रांतून पाण्याची वाफ इतक्या वेगाने बाहेर पडते, की कुंडीत पुरेशी ओल असूनही मुळे तेवढ्या गतीने पाणी पुरवू शकत नाहीत. दुपारी झाड मान टाकते आणि सायंकाळी आपोआप सावरते. ही दुपारची मलूलता पाहून पुन्हा पुन्हा पाणी घातले जाते. मातीतील हवा नाहीशी होते, मुळे कुजतात आणि झाड खरोखरच मरते. उन्हाळ्यात दगावणाऱ्या झाडांपैकी काही तहानेने नव्हे, तर अतिपाण्याने दगावतात. सायंकाळी झाड सावरले नाही आणि बोटभर खोलीपर्यंत माती कोरडी लागली, तरच अधिक पाणी द्यावे, हा नियम त्यामुळे महत्त्वाचा ठरतो.

दुसरा प्रश्न फुले न येण्याचा. मॅक्रोफिला जातीच्या बहुतेक वाणांत फुलांच्या कळ्या आधीच्या हंगामातील फांद्यांच्या टोकांवर तयार होतात. दिवस लहान होऊ लागले आणि तापमान काही आठवडे सुमारे १८ अंशांच्या खाली राहिले, म्हणजे या कळ्या घडू लागतात. त्यानंतर कळी पूर्ण विकसित होऊन जोमाने उमलण्यासाठी सुमारे सहा आठवडे पाच ते सात अंशांच्या आसपासची थंडी उपयुक्त असते. गोंदियात नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत रात्री थंड असतात, परंतु दिवसाचे तापमान २७ ते २९ अंशांपर्यंत चढते. पहिली अट त्यामुळे अंशतः पूर्ण होते आणि दुसरी बहुधा होत नाही. थंड प्रदेशात कळ्या धरलेले झाड विकत आणले, तर पहिल्या वर्षी ते उत्तम फुलते, कारण त्या फुलांची तयारी येथे झालेलीच नसते. दुसऱ्या वर्षाची फुले मात्र गोंदियाच्या हिवाळ्यावर अवलंबून असतात. ती कमी व आकाराने लहान असणे स्वाभाविक आहे.

फुले अजिबात न येण्याचे आणखी एक कारण मानवी आहे. हिवाळ्यात निष्पर्ण दिसणाऱ्या फांद्या 'वाळलेल्या' समजून छाटल्या जातात आणि त्यांसोबत टोकावरील कळ्याही जातात. २००४ साली अमेरिकेत बाजारात आलेल्या 'एंडलेस समर' या वाणासारखे काही वाण नव्या फांद्यांवरही फुलतात. ते उपलब्ध झाल्यास निवडीत त्यांना प्राधान्य द्यावे. तथापि तीव्र उष्णतेत त्यांच्याही नव्या फांद्या कळ्या धरत नाहीत, हे ध्यानात असावे.

जपानमध्ये हायड्रेंजिया हे जून-जुलैतील पावसाचे फूल मानले जाते. त्यावरून ते आपल्याकडेही पावसाळ्यात फुलावे, अशी अपेक्षा केली जाते. परंतु जपानी पावसाळ्यापूर्वी दीर्घ हिवाळा आणि सौम्य वसंत ऋतू येऊन गेलेला असतो. गोंदियात मृगाच्या पावसापूर्वी येतो तो नवतपा. येथे फुलोऱ्याचा खरा काळ फेब्रुवारीअखेर ते मार्च एवढाच आहे.

५. माती, सामू आणि रंगबदल

पूर्व विदर्भात मातीचे कन्हार, मोरंड, सिहार व बरडी असे स्थानिक प्रकार मानले जातात. कन्हार ही चिकण, काळी व पाणी धरून ठेवणारी. मोरंड मध्यम प्रतीची. सिहार वालुकामिश्रित, पिवळसर. तर बरडी लालसर व मुरमाड असते. हायड्रेंजियासाठी निचरा आणि ओलावा हे दोन्ही लागत असल्याने कन्हार एकट्याने उपयोगाची नाही. धानाच्या बांधीतील माती तर टाळलीच पाहिजे. चिखलणीमुळे तिची कणरचना मोडलेली असते आणि कुंडीत ती विटेसारखी घट्ट बसते. सिहार किंवा बरडी माती दोन भाग, पूर्ण कुजलेला पालापाचोळा दोन भाग, मुरलेले शेणखत एक भाग आणि नारळाच्या काथ्याचा भुसा अथवा कुजलेले धानाचे तूस एक भाग, असे मिश्रण योग्य ठरते. पालापाचोळा स्वतःच्या आवारात कुजवावा; वनक्षेत्रातून पानमाती उचलून आणू नये. भातगिरणीतील तुसाची राख जिल्ह्यात मुबलक असली तरी ती अल्कधर्मी असल्याने या झाडासाठी वर्ज्य मानावी.

हायड्रेंजियाचा रंग मातीनुसार बदलतो, ही बाब रसायनशास्त्राच्या अध्यापकांना विशेष रुचेल. निळ्या व गुलाबी फुलांतील रंगद्रव्य एकच, डेल्फिनिडिन गटातील अँथोसायनिन हे असते. मातीचा सामू सुमारे ५.५ च्या खाली असल्यास ॲल्युमिनियम विद्राव्य स्वरूपात मुळांना मिळते. ते निदलांतील पेशींत पोहोचून रंगद्रव्य आणि काही सहायक सेंद्रिय आम्ले यांच्यासह जटिल संयुग बनविते, तेव्हा निळा रंग दिसतो. सामू ६.५ किंवा त्याहून अधिक असेल, तर ॲल्युमिनियम मातीत अडकून राहते व फुले गुलाबी येतात. मधल्या टप्प्यात जांभळट छटा मिळतात. पांढऱ्या वाणांत हे रंगद्रव्य नसल्याने त्यांच्यावर या उपायांचा परिणाम होत नाही.

निळा रंग हवा असल्यास ॲल्युमिनियम सल्फेट एक लिटर पाण्यात सुमारे ३ ग्रॅम या प्रमाणात विरघळवून, आधी ओल्या केलेल्या मातीत, वाढीच्या काळात महिन्यातून एकदा द्यावे. ते न मिळाल्यास साधी तुरटी चालते. स्फटिकी ॲल्युमिनियम सल्फेटात वजनाच्या सुमारे ८ टक्के, तर तुरटीत सुमारे ५.७ टक्के ॲल्युमिनियम असते. त्यामुळे तुरटीचे प्रमाण थोडे अधिक, म्हणजे ४ ग्रॅमपर्यंत ठेवता येते. याहून अधिक मात्रा मुळांना इजा करते. स्फुरदयुक्त खते ॲल्युमिनियमला बांधून टाकतात; म्हणून निळ्या फुलांसाठी सुपर फॉस्फेट व हाडांचा चुरा देऊ नये.

६. पाण्याचा हिशेब

वरील उपाय अनेकदा निष्फळ ठरतात. त्याचे कारण खतात नसून पाण्यात असते. कूपनलिकेच्या पाण्यात विरघळलेली बायकार्बोनेटे हळूहळू मातीचा सामू वाढवितात. समजा, पाण्याची अल्कता कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने लिटरमागे ३०० मिलिग्रॅम आहे आणि फेब्रुवारी ते मे या १२० दिवसांत एका कुंडीला रोज २ लिटर पाणी दिले. एकूण २४० लिटर पाण्यातून ७२ ग्रॅम चुनखडीइतकी अल्कता त्या कुंडीत शिरते. निचऱ्यावाटे काही भाग बाहेर गेला, तरी महिन्याकाठी दिलेल्या तीन ग्रॅम ॲल्युमिनियम सल्फेटाचा तिच्यापुढे टिकाव लागत नाही. परिणामी फुले गुलाबी होतात, लोह उपलब्ध न झाल्याने कोवळी पाने पिवळी पडतात आणि केवळ शिरा हिरव्या राहतात. अशा वेळी हिराकस एक लिटर पाण्यात एक ते दोन ग्रॅम विरघळवून दिल्यास तात्पुरता गुण येतो. कायमचा उपाय पाणी बदलणे हाच आहे.

पावसाचे पाणी यासाठी सर्वोत्तम होय. १० चौरस मीटर छपरावर २० मिलिमीटर पाऊस पडला, तर २०० लिटर पाणी मिळते. म्हणजे एका चांगल्या सरीत एक पिंप भरते. उन्हाळ्यात एका झाडाला लागणारे २४० लिटर पाणी दोन पिंपांत साठविता येते. पिंपावर घट्ट झाकण व जाड कापड असावे, अन्यथा डासांची पैदास होऊन हौसेचे रूपांतर आरोग्याच्या समस्येत होईल. विदर्भातील घरोघरी असलेल्या कूलरच्या टाकीत उरलेले पाणी झाडांना घालण्याची प्रथा आहे. बाष्पीभवनामुळे त्या पाण्यात क्षारांचे प्रमाण वाढलेले असते. म्हणून हायड्रेंजियाला ते कधीही घालू नये.

पाण्याच्या या हिशेबातून लागवडीची मर्यादाही ठरते. ज्या जिल्ह्यात मे महिन्यात अनेक तलावांचे तळ उघडे पडतात, तेथे हायड्रेंजियाचा ताटवा करणे विवेकाचे नाही. दोन-तीन कुंड्या एवढीच या झाडाची येथील मर्यादा असावी.

७. वर्षभराची निगा

जून-जुलै : पहिला चांगला पाऊस झाल्यावर झाड बारा इंची मातीच्या कुंडीत हलवावे. फुलून गेलेल्या फांद्या दोन निरोगी डोळ्यांपर्यंत छाटाव्यात. ही छाटणी जुलैअखेर पूर्ण व्हावी. त्यानंतर कात्री लावू नये. याच काळात चार-पाच इंच लांबीच्या, न फुललेल्या फांद्यांची छाटकलमे करावीत. खालची पाने काढून वरची पाने अर्धी कापावीत आणि कलमे वाळू व काथ्याच्या भुशात सावलीत लावावीत. दमट हवेत तीन ते चार आठवड्यांत मुळे फुटतात. दरवर्षी दोन तरी नवी रोपे हाताशी ठेवणे, हा उन्हाळ्याविरुद्धचा खरा विमा होय.

ऑगस्ट-सप्टेंबर : वाढीचा हा मुख्य काळ. अमोनियम सल्फेट तीन ते चार ग्रॅम पाण्यात विरघळवून महिन्यातून एकदा द्यावे. त्यामुळे मातीची आम्लता टिकण्यासही मदत होते. पानांवर ठिपके किंवा भुरी दिसल्यास रोगट पाने काढून टाकावीत व कुंड्यांतील अंतर वाढवावे. सप्टेंबरच्या मध्यानंतर नत्र थांबवावे, कारण कोवळी वाढ कळ्या धरण्यास बाधक ठरते.

ऑक्टोबर ते जानेवारी : झाड घराच्या पूर्वेस, सकाळचे कोवळे ऊन मिळेल आणि रात्रीची थंडी थेट लागेल अशा उघड्या जागी ठेवावे. घरात किंवा व्हरांड्यात ठेवल्यास थंडीचा लाभ मिळत नाही. पाणी कमी करावे, मात्र माती पूर्ण कोरडी होऊ देऊ नये. पाने पिवळी पडून गळाली तरी फांद्या छाटू नयेत.

फेब्रुवारी-मार्च : डोळे फुगू लागताच पाणी वाढवावे व एकदा हलके खत द्यावे. निळ्या रंगासाठीची ॲल्युमिनियमची मात्रा कळ्या दिसण्यापूर्वीच सुरू झालेली असावी. फुलोरा रंगल्यानंतर ती देण्यात अर्थ नाही. कुंडी सकाळी नऊनंतर सावलीत येईल अशी व्यवस्था करावी.

एप्रिल ते जूनचा पहिला आठवडा : हा बचावाचा काळ. कुंडी उत्तरेकडील भिंतीलगत किंवा आंब्यासारख्या दाट झाडाखाली, पश्चिमेचे ऊन व झळा लागणार नाहीत अशी ठेवावी. लहान कुंडी मोठ्या मातीच्या कुंडीत बसवून मधल्या पोकळीत वाळू भरावी आणि ती वाळू सतत ओली राखावी. बाष्पीभवनाने मुळांभोवतीची माती थंड राहते. काळ्या प्लास्टिकच्या कुंड्या उन्हात तापत असल्याने त्या वापरू नयेत. मातीवर धानाच्या तणसाचे दोन इंच आच्छादन करावे. पाणी सूर्योदयापूर्वी द्यावे आणि सायंकाळी कुंडीभोवतीची जमीन शिंपावी. पानांच्या मागे लाल कोळी आढळल्यास स्वच्छ पाण्याचा जोरदार फवारा पुरेसा होतो. या काळात खत देऊ नये. तहानलेल्या मुळांना क्षारांचा भार सोसत नाही.

हायड्रेंजियाच्या पानांत व कळ्यांत सायनाइड मुक्त करू शकणारी द्रव्ये असतात. शेळ्या, गुरे आणि लहान मुले यांच्या आवाक्याबाहेर ही झाडे ठेवणे आवश्यक आहे.

८. पर्यायांचा विचार

मोठा, गोलाकार व दीर्घकाळ टिकणारा फुलोरा हीच अपेक्षा असेल, तर ती पूर्ण करणारी आणि उष्णतेच्या कसोटीवर खरोखर काटक असणारी झुडपे उपलब्ध आहेत. मादागास्करकडील डोंबेया हे त्यांतील पहिले. त्याचे गुलाबी, चेंडूसारखे, खाली झुकलेले फुलोरे हिवाळ्यात येतात आणि त्यास उष्णकटिबंधातील हायड्रेंजिया असेच संबोधले जाते. झुडूप मोठे होत असल्याने ते कुंडीऐवजी आवाराच्या कडेला जमिनीत लावावे.

दुसरा पर्याय मुसंडाचा. त्याच्या फुलोऱ्याची शोभाही हायड्रेंजियाप्रमाणे निदलांचीच असते. फिलिपाइन्समध्ये विकसित झालेल्या वाणांत फुलाची सर्व निदले मोठी होऊन गुलाबी वा पांढरे गुच्छ तयार होतात. सह्याद्रीत आढळणारी भुतकेस ही याच प्रजातीतील वनस्पती असून तिच्या पिवळ्या फुलाशेजारचे पांढरे 'पान' म्हणजे एक वाढलेले निदल होय. हायड्रेंजियातील निदलांचे रूपांतर वर्गात शिकविताना मुसंडाचे उदाहरण अधिक सुलभ ठरते, कारण ते महाविद्यालयाच्या आवारातच दाखविता येते.

याखेरीज पांढऱ्या, सुगंधी, दुहेरी फुलांचा दाट गुच्छ देणारा हजारी मोगरा सावलीत उत्तम येतो. मात्र तो मुळांच्या फुटव्यांनी पसरत असल्याने त्याला कुंडीतच बांधून ठेवणे इष्ट. पूर्ण उन्हासाठी बकोरा, म्हणजेच इक्झोरा, हा अल्प निगेत वर्षातील बहुतेक काळ गुच्छ देणारा विश्वासू पर्याय आहे.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, परदेशी वाङ्मयातील 'काटक' हे विशेषण थंडीशी निगडित असून गोंदिया जिल्ह्यातील निवडीसाठी ते मार्गदर्शक नाही. दुसरी, हायड्रेंजिया मॅक्रोफिला ही जात येथे कुंडीत, सावलीत आणि पावसाच्या पाण्यावर जगविता येते. परंतु फुलोरे थंड प्रदेशातल्याइतके मोठे येतील अशी अपेक्षा ठेवणे योग्य नाही. तिसरी, रंगाचे यश खतापेक्षा पाण्याच्या अल्कतेवर अधिक अवलंबून आहे. चौथी, पाण्याची उपलब्धता पाहता या झाडाची लागवड मोजक्या कुंड्यांपुरती मर्यादित असावी आणि आवारातील मुख्य फुलझाडे डोंबेया, मुसंडा, बकोरा यांसारखी असावीत.

या विषयात महाविद्यालयांना एक उपयुक्त भूमिका बजावता येईल. वनस्पतिशास्त्र विभागाच्या उद्यानात एकाच झाडाच्या छाटकलमांपासून केलेली सहा रोपे ठेवून, तीन रोपांना साठविलेले पावसाचे पाणी आणि तीन रोपांना कूपनलिकेचे पाणी दिल्यास, दोन वर्षांत सामू, पानांचा रंग व फुलांचा रंग यांतील फरक विद्यार्थ्यांना स्वतः मोजता येईल. रोजचे कमाल-किमान तापमान, कळी दिसल्याची तारीख व जगलेल्या रोपांची संख्या एवढी नोंद त्यासाठी पुरेशी आहे. अशा नोंदींतून गोंदियाच्या उन्हाळ्यावर आधारित काटकपणाची स्वतंत्र यादी तयार होऊ शकेल. दर फेब्रुवारीत नवी कुंडी विकत आणून मे महिन्यात ती रिकामी करणाऱ्या घरांना त्या यादीचा उपयोग परदेशी वेष्टनावरील मजकुरापेक्षा निश्चितच अधिक होईल.